स्वॅप बंद, तरी डिस्कचा दिवा लुकलुकतोच: ४ जीबीच्या एका संगणकाचं प्रकरण

४ ऑगस्ट २०१९ रोजी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, विकासकांकडे एका वापरकर्त्याची तक्रार आली. ती पडताळून बघायची कृतीही सोबत दिली होती, आणि ती कोणालाही घरबसल्या करता येईल इतकी सोपी होती. ४ जीबी रॅमचा संगणक घ्या. रॅम जास्त असेल तर बूट करताना कर्नलला 'मेम=४जी' एवढं सांगा, म्हणजे वरची रॅम तो हिशेबातच धरत नाही. 'स्वॅपऑफ -ए' ही आज्ञा देऊन स्वॅप, म्हणजे रॅममधला मजकूर तात्पुरता ठेवायची डिस्कवरची जागा, पूर्ण बंद करा. क्रोम किंवा फायरफॉक्स सुरू करा आणि मोकळ्या रॅमच्या आकड्यावर डोळा ठेवून एकामागून एक टॅब उघडत जा.

बराच वेळ काहीच होत नाही. मग एखाद्या टॅबला उरलेल्या रॅमपेक्षा जास्त रॅम लागते आणि संगणक थिजतो. माउसचा बाण जेमतेम सरकतो. नवं काही उघडत नाही, उघडं आहे ते बंद होत नाही. ही अवस्था काही मिनिटं टिकते, कधी त्याहूनही जास्त. आणि या सगळ्या वेळात डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असतो. तो का लुकलुकतो हे आपल्याला नक्की सांगता येत नाही, अशी कबुलीही तक्रारदाराने तिथेच देऊन टाकली होती.

माझ्या मते सगळं प्रकरण त्या दिव्यात आहे. स्वॅप बंद आहे, म्हणजे रॅममधलं काही उचलून डिस्कवर ठेवायला जागाच नाही. टॅब उघडणं हे मुख्यतः नेटवर्कचं काम. मग डिस्क एवढी कशात गुंतली आहे? जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी कधीतरी सल्ला दिलेला असतो: 'स्वॅपमुळेच मशीन रखडतं, एसएसडीही झिजते, बंद करून टाक.' मीही तो ऐकला होता आणि पाळलाही होता. त्यामागचं गृहीतक असं की स्वॅप म्हणजेच पेजिंग (रॅम आणि डिस्क यांच्यातली ने-आण), आणि स्वॅप गेला की पेजिंगही गेलं. हे गृहीतक चूक आहे.

ओटा, फ्रिज आणि किराणा दुकान

पेज म्हणजे पान. पुढे मी पानच म्हणतो. एक्स-८६ प्रोसेसरवर लिनक्सचं नेहमीचं पान ४ केबीचं असतं. म्हणजे ४ जीबी रॅममध्ये १०,४८,५७६ पानं मावतात. प्रोग्रॅमला मात्र ही खरी पानं दिसत नाहीत. त्याला दिसतो तो स्वतःचा आभासी पत्त्यांचा लांबलचक पट्टा. कुठला आभासी पत्ता रॅममधल्या कुठल्या पानावर आहे याची नोंद पेज टेबलमध्ये असते. नोंद नसलेल्या पत्त्याला प्रोग्रॅमने हात लावला की प्रोसेसर थांबतो आणि कर्नलला हाक मारतो. हा पेज फॉल्ट. कर्नल ते पान शोधतो, रॅममध्ये आणतो, नोंद करतो, आणि प्रोग्रॅम अडला होता त्याच सूचनेपासून पुढे चालू लागतो. मधे काही घडलं याचा त्याला पत्ताही नसतो.

ब्राउझर सुरू होताना त्याची शंभर एमबीहून मोठी फाईल अख्खीच्या अख्खी रॅममध्ये ओतली जात नाही. पत्ते तेवढे राखून ठेवले जातात, आणि ज्या पानावरचा कोड प्रत्यक्ष चालवायची वेळ येते तेवढंच पान डिस्कवरून उचललं जातं. हेही पेजिंगच आहे, आणि त्यात स्वॅपचा काही संबंध नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रॅममधली पानं ढोबळमानाने दोन जातींची असतात. लहान फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचा ओटा डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर काही वस्तू खालच्या किराणा दुकानातून आणलेल्या आहेत: मीठ, मोहरी, काडेपेटी. त्या टाकून दिल्या तरी जिना उतरून पुन्हा आणता येतात. काही वस्तू घरात तयार झालेल्या आहेत: भिजवलेली कणीक, वाटण, अर्धवट शिजलेली आमटी. या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. त्या ओट्यावरून हलवायच्या तर फ्रिज हवा.

प्रोग्रॅमचा कोड, लायब्रऱ्या, वाचलेल्या फाईली ही दुकानातली पानं. त्यांची मूळ प्रत डिस्कवर फाईलच्या रूपात आहेच, म्हणून कर्नल त्यांना न विचारता टाकून देऊ शकतो. त्यात बदल झाला असेल तर आधी तो फाईलमध्ये लिहायचा, इतकंच. प्रोग्रॅमने चालता चालता मागितलेली मेमरी, म्हणजे हीप आणि स्टॅक, ही घरात तयार झालेली पानं. त्यांच्यामागे कुठलीही फाईल नसते, म्हणून त्यांना निनावी पानं म्हणतात. ब्राउझरमधल्या टॅबची बहुतेक मेमरी याच जातीची. निनावी पानाला रॅमबाहेर एकच घर असतं, आणि ते म्हणजे स्वॅप.

स्वॅप बंद करणं म्हणजे फ्रिज काढून टाकणं. बारा पाहुणे येणार आहेत, ओटा कणकेच्या आणि वाटणाच्या भांड्यांनी भरला आहे, आणि आणखी एक भांडं ठेवायचं आहे. हलवता येण्याजोगं काय उरलं? मीठ, मोहरी, काडेपेटी. दोन तासांपूर्वी मळून ठेवलेली आणि अजून दोन तास हात न लागणारी कणीक जागा अडवून बसते, आणि दर मिनिटाला लागणारी मोहरी केराच्या टोपलीत जाते.

थिजलेल्या संगणकाच्या आत

कर्नलला हे सगळं कसं दिसतं ते बघू. रॅमच्या प्रत्येक विभागासाठी तो तीन खुणा आखून ठेवतो: किमान, खालची आणि वरची. मोकळी पानं खालच्या खुणेपर्यंत उतरली की के-स्वॅप-डी नावाचा कर्नलचा धागा जागा होतो आणि वरची खूण गाठेपर्यंत पानं रिकामी करत राहतो. नावात स्वॅप असलं तरी स्वॅप नसतानाही हा धागा कामावर असतोच. नावावरून गैरसमज व्हावा अशी कर्नलमध्ये बरीच मंडळी आहेत. त्यालाही झेपेनासं झालं आणि मोकळी पानं किमान खुणेखाली गेली, की मेमरी मागणाऱ्या प्रोसेसलाच, म्हणजे चालू प्रोग्रॅमलाच, रांगेत थांबवून आधी झाडलोट करायला लावतात.

कुठली पानं काढायची हे ठरवायला याद्या असतात. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६.२८ या आवृत्तीपासून निनावी आणि फाईलवरच्या पानांच्या याद्या वेगळ्या झाल्या. प्रत्येकीचे पुन्हा दोन भाग: वापरात असलेली आणि थंडावलेली. कोणत्या यादीला किती कात्री लावायची हे ठरवणारा जो भाग आहे, त्याच्या सुरुवातीलाच एक अट आहे. स्वॅपला जागाच नसेल तर निनावी यादीकडे बघण्यात वेळ घालवू नका, फक्त फाईलवरची यादी तपासा. अट अगदी तर्कशुद्ध आहे. पण तिचा परिणाम असा की आमच्या ४ जीबीच्या संगणकात साडेतीन जीबी पानं कायमची खिळून बसतात आणि सगळी झळ उरलेल्या मूठभर फाईल-पानांना लागते.

टॅब वाढत जातात तशी ही मूठ लहान होते. आधी जुन्या वाचलेल्या फाईली जातात, त्यांची कोणाला आठवणही नसते. मग आयकॉन, फॉन्ट. शेवटी उरतो तो चालू प्रोग्रॅमांचा कोड, आणि कात्री त्यालाही लागते. २००९ सालच्या २.६.३१ मध्ये वापरात असलेल्या कोडच्या पानांना थोडी सवलत मिळाली होती: नुकतंच वापरलेलं असेल तर ते आणखी एक फेरी वापरातल्या यादीत राहतं. पण खाली ठेवायला दुसरं काही उरलंच नाही की सवलतही संपते.

यानंतर जे घडतं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे. ब्राउझरला एक फंक्शन चालवायचं आहे, त्याचं पान रॅममध्ये नाही. पेज फॉल्ट. डिस्कवरून वाचायचं. वाचलेलं पान ठेवायला जागा हवी, म्हणून दुसरं एक फाईल-पान टाकलं. ते होतं पडद्यावरच्या खिडक्या रंगवणाऱ्या प्रोग्रॅमचं. पुढच्याच क्षणी तुम्ही माउस हलवला, त्या प्रोग्रॅमला नेमकं तेच पान हवं. पेज फॉल्ट. डिस्कवरून वाचायचं, जागेसाठी ब्राउझरचं पान टाकायचं. म्हणून बाण जेमतेम सरकतो.

वेळेचा हिशेब मांडला की मिनिटं का जातात ते कळतं. रॅममधून काही वाचायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवर कुठूनही एक पान उचलायचं तर साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ. सेकंदाला शंभरेक पानं, फार तर. एसएसडीवर हाच वेळ १०० मायक्रोसेकंदांच्या घरात येतो, पण तोही हजारपट झालाच. जे काम सेकंदाच्या अंशात उरकायचं त्याला मिनिट लागलं तर नवल नाही.

मशीन थिजल्यावर हाताशी असलेले उपाय का चालत नाहीत याचंही उत्तर इथेच आहे. ब्राउझर बंद करायला बटण दाबलं, तर ते दाबणं ओळखणारा कोड डिस्कवर. टर्मिनल उघडून 'किल' द्यावं म्हटलं, तर टर्मिनलचा कोड डिस्कवर, शेलचा डिस्कवर, किलचाही. कंट्रोल, ऑल्ट, एफ-३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर गेलं तरी लॉगिनचा प्रोग्रॅम डिस्कवरून यायला हवा, आणि आला तरी त्याची पानं टिकायला हवीत. सुटकेची प्रत्येक वाट त्याच अडलेल्या दारातून जाते.

याला एक अपवाद आहे. लिनक्स कर्नल स्वतःचा कोड कधीच पेजिंगला लावत नाही, तो कायम रॅममध्ये असतो. म्हणून ऑल्ट, सिस-रिक्वेस्ट आणि एफ ही तीन बटणं एकत्र दाबली तर कर्नल मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरला थेट बोलावतो. मध्ये दुसरा कुठला प्रोग्रॅम लागत नाही. अडचण एवढीच की बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांमध्ये, ही सोय सुरक्षिततेसाठी मुळात बंद ठेवलेली असते. असून नसल्यासारखी.

मारेकरी हात बांधून का बसला?

ओओएम म्हणजे 'आउट ऑफ मेमरी'. ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की कोणत्या तरी प्रोसेसला ठार करून जागा करणारा कर्नलचा भाग. तक्रारदाराचा खरा राग त्याच्यावर होता. मेमरी संपलीच आहे, तर हा एक टॅब मारून मोकळा का होत नाही?

कारण त्याच्या दृष्टीने मेमरी संपलेलीच नाही. कर्नल ओओएमपर्यंत पोचतो तो सगळे उपाय थकल्यावर. पानं मोकळी करण्याचा प्रयत्न करायचा. काहीच हाती लागलं नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा. अशा सलग १६ निष्फळ फेऱ्या झाल्या तर हार मानायची. पण एका फेरीत थोडीशी पानं जरी मोकळी झाली तरी निष्फळ फेऱ्यांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. आणि आपल्या प्रकरणात प्रत्येक फेरीला काही ना काही हाती लागतंच! आत्ताच डिस्कवरून आणलेलं कोडचं पान समोर असतं. ते टाकलं की झाली प्रगती. पुढच्या क्षणी ते परत आणावं लागलं, हा या हिशेबात खर्च धरलाच जात नाही. किती पानं मोकळी केली हे मोजलं जातं. तीच पानं कितव्यांदा मोकळी केली, हे इथे कोणी विचारत नाही.

तक्रार आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुसे या लिनक्स कंपनीचे कर्नल विकासक व्लास्टिमिल बाब्का यांनी उत्तर दिलं. अडचण आम्हाला ठाऊक आहे, आणि एसएसडीमुळे ती उलट बिघडली आहे, असा त्याचा आशय होता. शेवटची उरलेली फाईल-पानं एसएसडी इतक्या चपळाईने परत आणून देते की झाडलोटीला सतत नवं खाद्य मिळत राहतं, वरवर प्रगती दिसत राहते आणि ओओएम किलरची पाळी येतच नाही. डिस्क वेगवान झाली म्हणून यंत्रणेला आपण बुडत आहोत हे कळायला उशीर होतो. हा तिढा मला फार आवडतो. हार्डवेअर सुधारलं की सॉफ्टवेअरमधले जुने अंदाज कसे निकामी होतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात, आणि ती काही २०१९ साली जन्माला आलेली नाही. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी तिची कारणं मांडली होती आणि उपायही सुचवला होता. प्रोसेसला नजीकच्या काळात लागलेल्या पानांचा संच, म्हणजे वर्किंग सेट, रॅममध्ये मावत असेल तरच तिला चालू द्या; मावत नसेल तर तिला पूर्ण बाजूला ठेवा. सगळ्यांना थोडं थोडं उपाशी ठेवण्यापेक्षा एकाला बाहेर थांबवा. एका मोठ्या संगणकावर अनेकांचे जॉब रांगेत चालत तेव्हा हे जमत असे. माणसासमोरच्या लॅपटॉपवर 'तुझा ब्राउझर मी वीस मिनिटं बाहेर थांबवलाय' असं सांगायचं कसं, हा प्रश्न पन्नास वर्षांनीही सुटलेला नव्हता.

लिनक्समध्येही ही तक्रार पहिली नव्हती. ऑक्टोबर २०१० मध्ये गूगलच्या क्रोम-ओएसच्या बाजूने मनदीप सिंग बेन्स यांनी एक पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडमधला बदल, मांडला होता. त्यांचं वर्णन वाचलं की नऊ वर्षांनंतरची तक्रारच वाचल्यासारखं वाटतं: आमच्याकडे स्वॅप नाही, मेमरी कमी झाली की फक्त फाईल-पानं निघतात, थ्रॅशिंग होतं, ओओएम येण्याआधी मशीन मिनिटानुमिनिटं प्रतिसाद देत नाही. उपाय रोखठोक होता. फाईल-पानांची एक गंगाजळी ठरवायची, त्यांनी ५० एमबी धरली होती, आणि तिच्याखाली कात्री लावायचीच नाही. मग झाडलोटीला काही उरत नाही आणि ओओएम किलर वेळेवर येतो.

मूळ कर्नलने तो घेतला नाही. ५० एमबी हा आकडा क्रोमबुकला ठीक, पण २५६ जीबीच्या डेटाबेस सर्व्हरला किंवा ६४ एमबीच्या राउटरला तो लावायचा कसा? हा आक्षेप रास्तच आहे. तरी मला राहून राहून वाटतं की सर्वांना चालेल असं उत्तर हवं, या हट्टापायी लॅपटॉपवाल्यांनी नऊ-दहा वर्षं फुकट सोसलं. आकडा शून्य ठेवून ज्याला हवा त्याला बदलू देता आला असता.

गेलेला वेळ मोजायचा

खरी वाट वेगळ्याच बाजूने निघाली, आणि तिची सुरुवात २०१४ साली ३.१५ मध्ये झाली होती. योहानेस वाइनर यांनी अशी सोय केली की फाईल-पान टाकताना त्याच्या जागी एक छोटी चिठ्ठी ठेवायची: हे पान घड्याळाच्या अमुक ठोक्याला बाहेर गेलं. इथलं घड्याळ म्हणजे टाकलेल्या पानांची मोजणी. तेच पान परत आलं की चिठ्ठी वाचायची आणि मधल्या काळात किती पानं बाहेर गेली ते काढायचं. अंतर लहान असेल तर हे पान टाकणं ही चूक होती, ते खरं वापरातलं होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर ओओएमच्या हिशेबात नव्हतं, 'हेच पान पुन्हा का आणावं लागलं?', तो प्रश्न कर्नल इथे पहिल्यांदा स्वतःला विचारू लागला.

डिसेंबर २०१८ च्या ४.२० मध्ये त्याच्यावर पुढचा मजला चढला. पीएसआय, म्हणजे प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन. हेही वाइनर यांचंच काम, फेसबुकमध्ये असताना केलेलं. किती रॅम मोकळी आहे हे सांगण्याऐवजी ते मेमरीची वाट बघण्यात किती वेळ वाया गेला ते सांगतं. 'प्रॉक'खाली 'प्रेशर' नावाची डिरेक्टरी आहे, तिच्यात 'मेमरी' ही फाईल. उघडली तर दोन ओळी दिसतात. 'सम' या ओळीत निदान एक तरी प्रोसेस अडली होती अशा वेळेची टक्केवारी, आणि 'फुल' या ओळीत सगळ्याच्या सगळ्या कामकरी प्रोसेस एकाच वेळी अडल्या होत्या अशा वेळेची. गेली १० सेकंदं, ६० सेकंदं आणि ३०० सेकंदं, असे तीन सरासरी आकडे प्रत्येकीत. आपला ४ जीबीचा संगणक थिजला की 'फुल'चा आकडा चढतो, आणि तो चढणं म्हणजेच थिजणं. मोकळ्या रॅमच्या आकड्याचं तसं नाही. तो निरोगी मशीनवरही कमीच दिसतो, कारण लिनक्स रिकामी रॅम फाईलींच्या प्रतींनी भरून टाकतो.

२०१९ च्या तक्रारीवरची चर्चाही पीएसआयकडेच वळली. वाइनर यांनी पीएसआयचा आकडा फार काळ चढलेला राहिला तर कर्नलनेच ओओएम किलर बोलवावा असा प्रयोगही करून दाखवला. तो मूळ कर्नलमध्ये गेला नाही. कोणाला मारायचं आणि किती वाट बघायची हे धोरण कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमकडे असावं, हा विचार सरस ठरला. फेसबुकने आपला ओओएमडी २०१८ मध्येच खुला केला होता.

डिस्ट्रोंनी मग भराभर पावलं उचलली. एप्रिल २०२० च्या फेडोरा ३२ वर्कस्टेशनमध्ये अर्लीओओएम आलं. ते पीएसआय बघत नाही, फक्त रॅम आणि स्वॅप दोन्ही किती उरलेत ते बघून आधीच एखादी प्रोसेस मारतं. ओबडधोबड, पण चालतं. एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये त्याची जागा पीएसआय बघणाऱ्या सिस्टमडी-ओओएमडीने घेतली. उबुंटूने तेच २२.०४ मध्ये चालू केलं, आणि लगेच उलटी तक्रार सुरू झाली: मशीन व्यवस्थित चालू असताना माझा ब्राउझर अचानक नाहीसा का झाला? मारेकरी उशिरा आला तरी बोलणी, लवकर आला तरी बोलणी.

मग फ्रिज आणायचा का?

हो, पण कसला, ते महत्त्वाचं.

स्वॅप चालू असेल तर कर्नलला निवड करता येते. सकाळी उघडून विसरलेल्या टॅबची पानं बाहेर ठेवायची की आत्ता चालणाऱ्या कोडची, हे तो तुलना करून ठरवू शकतो. माझ्या मते स्वॅपचा मुख्य उपयोग हा आहे. 'रॅम कमी पडली तर डिस्कवरची जादा रॅम' ही समजूत स्वॅपला फार नुकसानकारक ठरली आहे, कारण तिच्यावरून लोक असं अनुमान काढतात की रॅम पुरेशी आहे तर स्वॅप कशाला. आणि जुना 'रॅमच्या दुप्पट स्वॅप' हा नियम १६ जीबीच्या लॅपटॉपला लावण्यात काही अर्थ उरलेला नाही.

स्वॅपिनेस या आकड्याबद्दलही असाच घोळ आहे. मूळ किंमत ६० असते, म्हणून ६० टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू होतो असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं काहीही नाही. निनावी पान परत आणण्याचा खर्च फाईल-पानाच्या तुलनेत किती धरायचा, एवढंच तो आकडा सांगतो. १०० म्हणजे दोन्ही सारखे. २०२० सालच्या ५.८ पासून तो २०० पर्यंत नेता येतो, कारण काही स्वॅप खरोखरच फाईल वाचण्यापेक्षा स्वस्त असतो.

असा स्वस्त स्वॅप म्हणजे झेड-रॅम. नितीन गुप्ता यांनी २००८ च्या सुमारास कॉम्पकॅश नावाने हे काम सुरू केलं आणि २०१४ साली ३.१४ मध्ये झेड-रॅम कर्नलच्या मुख्य भागात पोचलं. ते रॅमचाच एक भाग डिस्क म्हणून मांडतं आणि त्यात गेलेलं प्रत्येक पान दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवतं. निनावी पानं बऱ्यापैकी दबतात, बरेचदा निम्म्याहून कमी होतात. फ्रिजऐवजी ओट्यावरच व्हॅक्यूमच्या पिशव्या, असं म्हणा. पान परत हवं झालं तर डिस्ककडे जावं लागत नाही, प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात इतकंच. ऑक्टोबर २०२० च्या फेडोरा ३३ ने झेड-रॅमवरचा स्वॅप सर्वांसाठी चालू केला, रॅमच्या निम्मा आणि जास्तीत जास्त ४ जीबी. फेडोरा ३४ ने तो रॅमएवढा आणि जास्तीत जास्त ८ जीबी केला. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर आज मला एकच बदल करायला सांगितला तर मी हाच करेन.

उलट, फिरत्या हार्ड डिस्कवर मोठा स्वॅप ठेवून भरमसाट टॅब उघडले तर थिजणं टळत नाही, लांबतं. आता दोन्ही जातींची पानं सेकंदाला शंभरच्या वेगाने ये-जा करू लागतात. स्वॅपला शिव्या घालणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. वर्किंग सेटच रॅमपेक्षा मोठा असेल तर कुठलाही फ्रिज पुरत नाही, आणि तिथे कोणाला तरी मारणंच भाग असतं.

त्यासाठी डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये एक सोय आली, तीही गूगलकडूनच. यू झाओ यांच्या मल्टी-जेन एलआरयूमध्ये पानांच्या दोन याद्यांऐवजी वयानुसार पिढ्या असतात. त्यात 'मिन-टीटीएल-एमएस' नावाचा एक आकडा आहे. तिथे १००० लिहिलं तर गेल्या १००० मिलिसेकंदांत वापरलेली पानं कर्नल काढत नाही, आणि त्यांना जागा ठेवणं अशक्य झालं तर ओओएम किलरला बोलावतो. २०१० च्या ५० एमबीच्या गंगाजळीची ही सुधारलेली आवृत्ती. आकडा एमबीत नसून वेळेत आहे, त्यामुळे क्रोमबुक, सर्व्हर आणि राउटर तिघांनाही तो सारख्याच अर्थाने लावता येतो. मूळ किंमत मात्र ० आहे, म्हणजे बंद.

प्रयोग स्वतः करून बघायचा असेल तर आधी कामं सेव्ह करा, मग एका कोपऱ्यात 'व्हीएमस्टॅट १' ही दर सेकंदाला मेमरी आणि डिस्कचे आकडे दाखवणारी आज्ञा चालू ठेवून टॅब उघडायला लागा. शेवटच्या टप्प्यात तो पडदाही अडखळेल, पण तोवर पुरेसं दिसतं. स्वॅपमधून आत आणि बाहेर जाणारी पानं दाखवणारे 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने अखेरपर्यंत शून्यच राहतात. त्यांच्या शेजारचा 'बीआय', म्हणजे डिस्कवरून वाचलेल्या ब्लॉकचा रकाना, चढत जातो. त्याच्या जोडीला 'डब्ल्यूए' हा प्रोसेसरने डिस्कची वाट बघण्यात घालवलेला वेळ वाढतो, आणि 'बीओ', म्हणजे डिस्कवर लिहिण्याचा रकाना, त्या मानाने शांत असतो. डिस्कवर फारसं काही लिहिलं जात नसतं. ब्राउझर, शेल आणि माउसचा बाण हलवणारा प्रोग्रॅम आपापला कोड पुन्हा पुन्हा वाचत असतात. तक्रारदाराला न उमगलेला दिवा त्यासाठी पेटत होता.